‘नंतर सांगते’ : माझी कर्णबधिर लेक आणि आमचं उशिरा सुरू झालेलं बोलणं

आमसूल

परवा आमच्याकडे भाचीचं केळवण होतं. पंधरा-सोळा माणसं, दोन पंगती. दुसऱ्या पंगतीला आम्ही बायका बसलो. नणंदेने तिच्या लग्नातला कसलासा किस्सा काढला आणि सगळ्या खो खो हसायला लागल्या. माझी लेकही हसली, पण अर्ध्या क्षणाने मागून. ते हसू मी ओळखते. ती किस्स्याला हसत नाही, आमचे चेहरे बघून हसते. मग तिने मला कोपराने ढोसलं आणि हनुवटी उडवून विचारलं, काय झालं? मी सवयीने म्हणून गेले, "काही नाही गं, नंतर सांगते."

ती सतरा वर्षांची आहे, जन्मापासून कर्णबधिर. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि खुणांनी विचारलं, "तुझं नंतर येतं कधी?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. या मंचावर बरेच आईवडील आहेत, एखाद्याच्या घरी असं मूल असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

२०१० साली, ती सव्वादोन वर्षांची असताना, तिची बेरा चाचणी झाली, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते बघायची. औषध देऊन झोपवलं, कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवल्या. निदान आलं : दोन्ही कानांना अतितीव्र श्रवणदोष. जिथे गेलो तिथे सांगितलं, कानाला ऐकण्याची यंत्रं लावा, रोज शिकवा आणि घरात कुणीही हातवारे करायचे नाहीत. हाताची सवय लागली की तोंड उघडणार नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे.

पुढची दहा वर्षं आमचं घर म्हणजे वर्ग होता. सकाळी उठल्यावर यंत्रांचे सेल बघायचे, मग तिच्या पाठीमागे उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढायचे आणि तिला कुठला ऐकू येतोय ते तपासायचं. कान वाढला की यंत्राचा कानात बसणारा साचा सैल व्हायचा आणि यंत्र शिट्टी मारायला लागायचं, की पुन्हा नव्या साच्यासाठी माप. ‘प’ शिकवायला तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, ती हलली पाहिजे. ‘ग’ शिकवायला तिचा हात माझ्या गळ्यावर, ‘म’ला नाकावर. आरशासमोर आम्ही दोघी तासन् तास. एकदा तुम्ही आरशात बघून आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. ‘क’ आणि ‘ग’ तर घशात होतात, बाहेर काही दिसतच नाही. एवढ्यावर माझी मुलगी मराठी शिकली. ‘पाणी’ म्हणायला तीन महिने लागले. त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटले होते, आणि तो आनंद खरा होता. त्याची किंमत मी आजही कमी करत नाही.

घरात एकच माणूस या वर्गाबाहेर होतं, माझ्या सासूबाई. चौथी शिकलेल्या. त्या भाकऱ्या थापायला बसल्या की ही समोर पाट घेऊन बसायची. दोन तळवे एकावर एक थापले की भाकरी, म्हणजेच जेवण. कपाळावर आडवी बोटं ओढली की देवळातले गुरव. दोन्ही कान खाली ओढले की शेजारची शेळी. अशा पन्नासेक खुणा तरी दोघींच्या होत्या. मी चिडायचे. "आई, हाताने नका ना सांगू तिला, तिचं बोलणं बंद पडेल." सासूबाई वाद घालायच्या नाहीत. हात पदराखाली घ्यायच्या. मी आत वळले की दोघींचं पुन्हा सुरू.

जानेवारी २०२० मध्ये सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात आठ दिवस होत्या, मी जाऊन-येऊन. लेक तेव्हा बारा वर्षांची. मी घरी आले की दारातच उभी असायची. एका संध्याकाळी तिने फार प्रयत्नाने वाक्य जुळवलं, "आजी दवाकाना, गरी कदी?"

मी काय केलं? तिचा तळवा माझ्या तोंडासमोर धरला. "दवाखाना. ख. हवा लागली? पुन्हा म्हण." तिने म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ‘ख’ आला. मी तिच्या पाठीवर थाप दिली आणि कुकर लावायला गेले. तिने काय विचारलं होतं, याचं उत्तर मी दिलंच नाही. दोन दिवसांनी सासूबाई गेल्या. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधली गेली, आणि तोपर्यंत तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. नंतर समजावून सांगू, असं आम्ही मोठ्यांनी ठरवलं होतं.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या जगाने तोंडावर मास्क बांधले. ओठ गेले. दूधवाला, दुकानदार, शाळेतल्या बाई, तिच्यासाठी सगळेच मिटले. ती गप्प झाली, आणि तिचं वयच तसं आहे म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रात्री मी पाणी प्यायला उठले. तिच्या खोलीत उजेड होता. मोबाइल उशीला टेकवून ठेवलेला, पडद्यावर तिच्या जुन्या विशेष शाळेतल्या चार मुली. सगळ्यांचे हात चालू. माझी लेक काहीतरी रंगवून सांगत होती, खांदे, गाल, डोळे, सगळ्या अंगाने. बाकीच्या पोट धरून हसत होत्या. मी तेरा वर्षांत तिचा तो चेहरा पाहिला नव्हता. दारात उभी राहून मी माझ्याच मुलीकडे परक्या बाईसारखी बघत होते, कारण ती काय सांगतेय त्यातला एक शब्द मला कळत नव्हता.

बेचाळिसाव्या वर्षी मी भारतीय सांकेतिक भाषा शिकायला लागले. शिकवणारे स्वतः कर्णबधिर होते, व्हिडिओवर रोज संध्याकाळी एक तास, आणि तोंडाने एक शब्द काढायचा नाही. मला वाटायचं खुणा म्हणजे मूकाभिनय, दोन महिन्यांत जमेल. ती पूर्ण भाषा आहे. काळ आधी सांगायचा, प्रश्नाचा शब्द शेवटी. उत्तर हो किंवा नाही असेल असा प्रश्न विचारताना भुवया वर गेल्या पाहिजेत. त्या विसरलात की समोरच्याला तो प्रश्न वाटतच नाही. माझ्या भुवया फार उशिरा हलायला लागल्या.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी मी अनारशाचं पीठ मळत होते. ती ओट्याशी आली आणि विचारलं, "आजी मेली, कारण काय?" मी हात धुतले. पीठ तसंच टाकलं. आम्ही जमिनीवर समोरासमोर बसलो आणि मी तिला सांगितलं : मेंदूत रक्ताची गाठ झाली, डावी बाजू गेली, वाचा गेली. जमेल तसं, अडखळत. तिने विचारलं, दुखत होतं का? घाबरली होती का? मग मला आठवलं म्हणून मी सांगितलं, की शेवटच्या दिवशी आजी उजवा हात सारखा चादरीवर आपटत होती. सिस्टरला वाटलं पाणी हवंय, मला वाटलं वाताने होतंय. मी तो हात कसा हलत होता ते करून दाखवलं.

लेक माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने आपले दोन्ही तळवे एकावर एक थापले. भाकरी. आजीचा एकच हात चालत होता.

"मी जेवले का, विचारत होती," ती म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली. खुणांनी बोलणाऱ्यांची लाइट गेली की बोलणंच बंद पडतं. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. त्या उजेडात आम्ही बोलत बसलो, ते रात्री बाराला उठलो.

आज चार वर्षांनी मला खुणा बऱ्यापैकी येतात. तरी परवा माझ्या तोंडून ‘नंतर सांगते’ निघालंच. घरात आम्हा दोघींच्या गप्पा होतात, पण पंगत, लग्न, प्रवास असं पाचदहा माणसांत आलं की मी तिला सोडून देते. ज्यांच्या घरी असं मूल आहे, ते हे कसं सांभाळतात?

पिंपळपान

तिच्या प्रश्नाने चर्र झालं. माझ्या घरी सगळ्यांना ऐकू येतं. तरी मुलगा काही सांगायला आला की मी फोनवरून नजर न उचलता ‘नंतर’ म्हणते. आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून जेवायला बसलो. तो बोलला. फार नाही, पण बोलला.

कडुलिंब

आमसूल, मी सव्वीस वर्षं वाचाउपचार करते. "हातवारे करू नका" हे वाक्य मीही शेकडो आयांना सांगितलं आहे, त्यामुळे तुमची ती वही माझ्यासमोर बसून लिहिलेलीसुद्धा असू शकते. ते कुठून आलं ते सांगते. १८८० मध्ये इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली होती. तिने ठराव केला की शाळांमधून खुणा काढून टाकायच्या आणि फक्त बोलणं शिकवायचं. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. तो विचार जगभर गेला, आपल्याकडच्या शाळांत आणि अभ्यासक्रमांतही मुरला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. मधली एकशे तीस वर्षं मुलांचे हात बांधण्यात गेली, काही शाळांत अगदी शब्दशः.

हेही लक्षात घ्या की कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. इतर कुठल्याही मुलाला आईची भाषा फुकट मिळते, या मुलाला मिळत नाही. म्हणून भीतीपोटी आपण घाई करतो, आणि घाईत आई ही आई न राहता शिक्षिका होते. आता मी पालकांना सांगते की दिवसातला शिकवण्याचा वेळ ठरवून घ्या, आणि तो संपला की एकही उच्चार सुधारायचा नाही. मूल ‘दवाकाना’ म्हणालं तर दवाखान्याबद्दल बोला.

पण एक मात्र आग्रहाने सांगते. तुमचं दहा वर्षांचं काम वाया गेलेलं नाही. ती मराठी वाचते, लिहिते, चार शब्द बोलते, बँकेत-बसमध्ये ते तिच्या उपयोगी पडेल. हात आणि तोंड यात निवड करायला लावली, ही आमची चूक होती.

नाशिककर

माफ करा, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवतात आणि बाहेरून मशीन लावतात ते, दीड वर्षाचा असताना झालं. आज तो सात वर्षांचा आहे, मराठी शाळेत जातो, गावाकडच्या आजोबांशी फोनवर बोलतो. यासाठी बायकोने नोकरी सोडली, आम्ही कर्ज काढलं, तीन वर्षं आठवड्यातून तीनदा थेरपी केली. आम्हालाही खुणा करू नका असंच सांगितलं होतं, आणि आम्ही ते पाळलं म्हणूनच तो बोलतोय असं मला वाटतं. असे धागे वाचून नवीन पालक यंत्रं-ऑपरेशन सोडून देतील आणि मुलाची पहिली दोन-तीन वर्षं हातची जातील, ही मला खरी काळजी आहे. मेंदूला आवाजाची सवय लागायचं वय तेच असतं.

आमसूल

नाशिककर, तुमची काळजी बरोबर आहे, आणि मी यंत्रं सोडा असं कुणालाही म्हणणार नाही. माझी लेक आजही यंत्रं लावते. तिला कुकरची शिट्टी कळते, मागून येणारी गाडी कळते. आम्हाला निदान उशिरा झालं, तेव्हा ऑपरेशनचा खर्चही झेपला नाही. तुमचा मुलगा आजोबांशी फोनवर बोलतो हे वाचून मला आनंद झाला, अगदी मनापासून. एवढंच विचारते : रात्री झोपताना मशीन काढल्यावर तो काही सांगायला आला, तर तुम्ही काय करता?

कडुलिंबताई, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू. त्या काळात तुमच्यासारख्या बाईंनीच मला उभं ठेवलं होतं. मी रडायचे तेव्हा त्या मुलीला खेळवत बसायच्या. माझ्या मनात राग नाही.

दोन_हात

मी कर्णबधिर आहे. वय ३१. गाव विदर्भात. मराठी माझी दुसरी भाषा, लिहिताना चूक झाली तर समजून घ्या.

सहाव्या वर्षी मला वसतिगृहाच्या शाळेत ठेवलं. वर्गात खुणा बंद होत्या, हात बाकावर ठेवून बसायचं. रात्री खोलीत मोठी मुलं खुणा करायची. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड यायचा, त्या उजेडात मी भाषा शिकलो. दिवाळीत घरी गेलो की वीस दिवस कुणाशी बोलणं नाही. सगळे प्रेम करायचे. आई करंज्या जास्त द्यायची. पण बोलणं नाही. सुट्टी संपली की मी आनंदाने वसतिगृहात जायचो. आई दारात रडायची. तिला वाटायचं, मुलाला आपली माया नाही.

बाबांना खुणा येत नाहीत. आता शिकणारही नाहीत, वय ६८. पण आमचं जमतं. ते शेतात मला सोबत नेतात. संत्र्याच्या झाडाची फांदी दाखवतात, मी बघतो, मी दुसरी दाखवतो, ते मान हलवतात किंवा हात झटकतात. छाटणी कुठे करायची यावर आमचं भांडणसुद्धा होतं. भांडण होतं म्हणजे बोलणं आहे.

आमसूलताई, पंगतीबद्दल तुम्ही विचारलं. सगळं सांगायची गरज नाही. विषय सांगा. "आत्याचं लग्न, पाऊस, मांडव पडला", एवढं पुरे. तीन खुणा. मग मी बाकीचं चेहऱ्यावरून जोडतो आणि बरोबर वेळेला हसतो. आणि हसणं संपण्याच्या आधी सांगा. नंतर सांगितलेला विनोद हा निरोप असतो.

अजून एक. मूल रागावून खुणा करत असेल तर त्याचे हात धरू नका. तुम्हाला वाटतं शांत करतोय. त्याला वाटतं तोंड दाबलं.

आमसूल

दादा, "नंतर सांगितलेला विनोद हा निरोप असतो" हे लेकीला दाखवलं. ती उठून गेली आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणाली, त्यांना सांग, माझ्या आईने माझे हात धरले आहेत, लहानपणी, पुष्कळदा. खरं आहे ते. इथे लिहिण्याची परवानगी तिनेच दिली आहे.

चिंचगूळ

एक शंका. खुणांच्या भाषेत माणसांची नावं कशी घेतात? प्रत्येक वेळी अक्षरं करायची का?

आमसूल

अक्षरं आहेत, दोन्ही हातांनी करतात, पण रोजच्या बोलण्यात प्रत्येकाला एक खूण-नाव दिलेलं असतं. कुणाच्या गालावरच्या खळीवरून, कुणाच्या चष्म्यावरून, कुणाच्या सवयीवरून. ते आपलं आपण ठेवायचं नसतं, त्यांच्यातल्या कुणीतरी द्यावं लागतं.

शिकायला लागल्यावर मी लेकीला विचारलं, माझं नाव ठेव ना. ती म्हणाली, आहे की, आजीने ठेवलेलं. दोघी माझ्याबद्दल बोलायच्या तेव्हा ते वापरायच्या. तिने करून दाखवलं : तळवा उभा करून गळ्याला लावायचा. मी दिवसभर तिचा हात माझ्या गळ्यावर धरायचे ना, ‘ग’ म्हण, ‘घ’ म्हण म्हणून. त्यावरून आई म्हणजे गळा.

मला फार लागलं ते. मी म्हटलं, बदल. तिला कळेना मी का रडतेय. ती म्हणाली, तो गरम असायचा, आणि थरथरायचा, मला आवडायचं. नाव बदललेलं नाही. तिच्या सगळ्या मैत्रिणी मला त्याच नावाने ओळखतात.

सांजवेळ

मी या गोष्टीच्या पलीकडच्या काठावरची. माझे आईवडील दोघंही कर्णबधिर, मला आणि भावाला ऐकू येतं. माझी पहिली भाषा हाताची, तोंडाची मराठी मी शेजारच्या काकूंकडे शिकले. मी तान्ही असताना आई झोपताना माझ्या पायाला मऊ दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधायची. मी रडायला लागले की पाय झाडायचे, आई जागी व्हायची. ती दोरी आईने जपून ठेवली आहे.

आमच्या घरात ‘नंतर सांगते’ कधी नव्हतं, कारण बोलताना एकमेकांकडे बघावंच लागतं. स्वयंपाकघरातून ओरडून संवाद होत नाही. काम टाकून समोर यायचं, खांद्याला हात लावायचा किंवा दिवा एकदा बंद-चालू करायचा, आणि मग बोलायचं. लग्न होऊन सासरी आले तेव्हा लोक पाठ करून एकमेकांशी बोलतात याचंच मला पहिले काही महिने वाईट वाटायचं.

पण दुसरी बाजूही सांगते. आठव्या वर्षापासून मी बँकेत, रेशन दुकानात, शाळेच्या पालकसभेत दुभाषी होते. माझ्याबद्दलची तक्रारही मीच आईला सांगायची, आणि मी ती खरी सांगायचे, कारण आई डोळ्यांत बघायची. चौदा वर्षांची असताना डॉक्टरांनी बाबांच्या आजाराचं नाव माझ्याकडे बघून सांगितलं आणि म्हणाले, बाबांना सांग बाळ. मी बाबांना सांगितलं की साधा अल्सर आहे. त्यांनी माझा चेहरा वाचला. तिथेच खुर्चीत मला जवळ घेतलं आणि खूण केली, "तू नको सांगू. मला कळलं." आजही कुणाच्या घरी ऐकू येणारं मूल असं दुभाषी होत असेल तर दवाखान्यातल्या गोष्टींसाठी तरी मोठ्या माणसाला बोलवा. मुलाच्या हातून आईबापाला मरणाची बातमी पोचवू नका.

नाशिककर

आमसूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला चार दिवस लागले. आम्ही काय करतो? रात्री मशीन काढल्यावर आम्ही त्याला ‘झोप आता’ एवढं मानेने सांगून दिवा घालवतो. अंघोळीच्या वेळी तसंच. हे चार दिवस मुद्दाम लक्ष ठेवलं. मशीन काढून झाल्यावर तो रोज काही ना काही बोलतो. अंधारात, एकटाच, छताकडे बघून. उत्तर येणार नाही हे त्याला माहीत आहे.

काल दिवा घालवला नाही. त्याच्या पलंगावर बसलो. त्याने शाळेतल्या एका मुलाचं नाव घेतलं आणि स्वतःच्या कानामागे हात नेऊन ओढल्यासारखं केलं. तो मुलगा त्याचं मशीन ओढतो, गेले कित्येक दिवस. दिवसा, मशीन लावलेलं असताना, त्याने हे आम्हाला सांगितलं नव्हतं. का ते मला माहीत नाही. कदाचित दिवसा आम्ही त्याचा प्रत्येक शब्द तपासतो म्हणून असेल. शाळेत उद्या जातोय. खुणांचा वर्ग कुठे लावता येईल ते सांगा, आम्ही दोघंही शिकू.

कडुलिंब

नाशिककर, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम चालतात. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यांच्या कोशात दहा हजार शब्दांचे व्हिडिओ आहेत, फुकट बघता येतात. पण कोशावरून भाषा येत नाही, माणसाकडून येते. गावात कर्णबधिरांची संघटना असेल, तिथे मुलाला घेऊन जा. त्याच्यासारखाच कर्णबधिर मोठा माणूस नोकरी करतो, गाडी चालवतो, पोराबाळांत रमतो, हे त्यानेही बघायला हवं. थेरपी मात्र सोडू नका.

नवी_चाहूल

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. आमची मुलगी चौदा महिन्यांची. काल बेरा झाली. दोन्ही कानांना तीव्र दोष. पुढच्या आठवड्यात यंत्रांसाठी माप देणार आहेत. कालपासून मी तिच्याशी बोललेच नाही. बोलून काय उपयोग, असं झालंय. अंगाईसुद्धा म्हटली नाही. ती माझ्याकडे बघत राहते. आज रात्री काय करू?

आमसूल

आधी तिला उचलून घ्या आणि अंगाई म्हणा. छातीशी घट्ट धरून म्हणा, तिचं डोकं तुमच्या गळ्याखाली येईल असं. तिला स्वर कदाचित पोचणार नाही, पण छातीतला थरार पोचतो. चौदा महिने तिने तुमची अंगाई तशीच ऐकली आहे, कालपासून ती का थांबली ते तिला कळत नसेल.

बोलताना खिडकी किंवा दिवा तुमच्या पाठीशी नको. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. तिच्या डोळ्यांच्या उंचीला या. भात दाखवायचा असेल तर वाटी आपल्या हनुवटीजवळ धरा, म्हणजे भात, चेहरा आणि हात एकदम दिसतील. बाहेर जायच्या आधी चप्पल दाखवा, आजोबा येणार असतील तर त्यांचा फोटो दाखवा. तिला काहीही अचानक होऊ देऊ नका, कारण दार वाजलं, गाडी आली, हे तिला आधी कळत नाही. यंत्रांचं माप चुकवू नका, इम्प्लांटबद्दल लगेच विचारा, आणि त्याचबरोबर आजपासून हाताने बोला. तुम्हाला दहा खुणा येत असतील तर दहा. तिला तरी कुठे जास्त येतात. तुम्ही बरोबरच शिकाल. चौदाव्या महिन्यात समजलं, म्हणजे माझ्यापेक्षा तेरा महिने लवकर.

मला कधीही निरोप करा, रात्री उशिरासुद्धा.

आणि घरात आजी आहेत का? त्या बाळाशी हाताने काही बोलत असतील तर बोलू द्या, आणि त्या काय काय करतात ते एका वहीत लिहून ठेवा. आमच्या सासूबाईंच्या पन्नासेक खुणांपैकी लेकीला आता एकवीस आठवतात.